लिनर्टांचा सत्कार

बातमी आली तेव्हा मी सनीव्हेलच्या इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडत उभी होते. टोक मोडून भेंडी बघायची नाही असं तिथला माणूस दर वेळी सांगतो आणि मी दर वेळी मोडते. फोन वाजला, नंबर व्हर्जिनियाचा होता. हर्नडनमधल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी मार्गरेट पलीकडून म्हणाली, "मंजू, डॅड गेले. आज सकाळी." मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. मागून एक बाई "तुमचं झालं असेल तर जरा सरकता का?" म्हणाल्या आणि मी सरकले. घरी पोचल्यावर लक्षात आलं, भाजीची पिशवी दुकानातच राहिली होती. त्याला आता महिना-दीड महिना होऊन गेला. तेव्हापासून रोज वाटतं की या माणसाबद्दल लिहावं, आणि रोज वाटतं, कोणत्या तोंडाने लिहू? योहान लिनर्ट, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातले हाउप्टमान, म्हणजे कॅप्टन. छातीवर आणि गळ्यात पदकं मिळवलेला माणूस. अशा माणसासाठी रडायचं की नाही हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. रडले मात्र खूप.

आम्ही हर्नडनला गेलो ते दोन हजार दोनमध्ये. नवरा, सुहास, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आज कोणाला काढलं, उद्या कोणाचा नंबर, याशिवाय त्याच्या मित्रांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मी डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची नाही, गाडी येत नाही, आणि गाडी नसेल तर त्या गावात दूधसुद्धा मिळत नाही. पुण्यात मी अनेक वर्षं जर्मन शिकवलं होतं. आमच्या वेळी पुण्यात दर गल्लीत एक जण जर्मन शिकत असे आणि त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात जर्मन माणूस पाहिलेला नसे. मी त्याच निम्म्यांतली. सकाळी सुहास गेला की संध्याकाळपर्यंत भिंतींशी बोलायचं. एकदा तर सोफ्यावर बसून क्रियापदं म्हणत होते, आवाज ऐकू यावा म्हणून. जीव नकोसा होतो म्हणजे काय होतं ते मला त्या पानगळीत समजलं.

त्याच दिवसांत शेजारच्या अंगणात पानं ओढणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातातला दाताळ्याचा दांडा मोडला, आणि त्यांनी त्याला जर्मनमध्ये अशी काही शिवी दिली की मला पायरीवर बसल्या बसल्या हसू फुटलं. त्यांनी मान वर केली. मी जर्मनमध्येच म्हटलं की हा शब्द आम्हाला वर्गात शिकवला नव्हता. मोडका दांडा हातात घेऊनच ते माझ्या पायरीपाशी आले. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं, हे मला नंतर कळलं. "तुमचं जर्मन पुस्तकातलं आहे, पण पुस्तक चांगलं असावं," असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी प्लमचा केक घेऊन दारात उभे राहिले. ऐंशी ओलांडलेली, पाठ ताठ. अमेरिकेत आल्यावर त्यांनी जमीनमोजणीची नोकरी केली होती. इथले बरेचसे रस्ते मी मोजलेत, असं सांगायचे, आणि मग कोणता रस्ता कुठे चुकीचा वळवलाय तेही सांगायचे.

मला गाडी त्यांनी शिकवली. सुहासला सांगून दमले होते, तो "यार, वीकएंडला नक्की" म्हणायचा आणि वीकएंडला झोपायचा. लिनर्ट रोज दुपारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला न्यायचे, बाजूला बसून मांडीवर हॅट ठेवायचे आणि जर्मनमध्ये हुकूम सोडायचे. डावीकडे. आरसा. पुन्हा. चुकलं तर आवाज चढत नसे, फक्त "पुन्हा" म्हणत. लायसन्स मिळालं त्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन किराणा दुकानात गेले, दूध घेतलं आणि पार्किंगमध्ये बसून हमसून हमसून रडले. तो माणूस नसता तर त्या वर्षी मी काय केलं असतं, याचा विचार मी अजून करत नाही.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात माझे वडील आमच्याकडे सहा महिने राहायला आले. बाबा पुण्याच्या कॅम्पात लष्कराच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. बंदूक कधी हातात धरली नाही, पण आयुष्यभर जवानांच्या पदकांच्या आणि पेन्शनच्या फायली हलवल्या. पदक म्हटलं की बाबांचा आवाजच बदलतो. लिनर्टांशी त्यांचं पहिल्याच चहाला जमलं. बाबांचं फायलींतलं इंग्रजी बोलताना अडायचं आणि लिनर्ट माझ्यासमोर जर्मनवरच यायचे, म्हणून मी मधे बसून दुभाषीपणा करायची. एका दुपारी बाबांनी विचारलं, युद्धात होतात का? मला वाटलं लिनर्ट विषय बदलतील. माझ्याशी एवढ्या वर्षांत ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. पण नोव्हेंबरात परत जाणाऱ्या परक्या म्हाताऱ्याला सांगणं सोपं वाटलं असेल, त्यांनी अगदी कोरडेपणाने सगळं सांगून टाकलं. शाळा सोडून सैन्यात, मग लेफ्टनंट, मग पूर्व आघाडीवर हाउप्टमान. आयर्न क्रॉस आधी दुसऱ्या वर्गाचा, मग पहिल्या वर्गाचा. जखमी सैनिकांचा बिल्ला. रशियातल्या पहिल्या हिवाळ्याचं पदक, ते सगळ्यांनाच मिळालं होतं. आणि शेवटी नाइट्स क्रॉस, गळ्यात घालतात तो. तो कशासाठी, असं बाबांनी विचारल्यावर ते म्हणाले, "एक रस्ता धरून ठेवला होता. आमची डिव्हिजन मागे निघेपर्यंत." मग कप खाली ठेवून म्हणाले की घरात हे कोणाला ठाऊक नाही, मी सांगत नाही. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता इथे आपल्या माणसांचा स्वभाव सांगायलाच हवा. "घरात सांगत नाही" याचा अर्थ बाबांनी काय घेतला? विनय. खरा शूर माणूस स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, म्हणून ते दुसऱ्याने बोलायचं असतं, चारचौघांत, शाल-श्रीफळ देऊन. आपला प्रत्येक सत्कार याच समजुतीवर उभा असतो. सत्कारमूर्ती नको नको म्हणते आणि आपण तो नम्रपणा समजून आणखी एक हार आणतो. नको म्हणजे खरंच नको, ही शक्यता आपल्या डोक्यातच येत नाही. बाबांनी मला काही न सांगता मराठी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. गणपतीचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात असायचा, अध्यक्षांना प्रमुख पाहुणा हवाच होता, आणि जर्मन शिस्तीचं कौतुक आपल्याकडे काय कमी आहे! लिनर्टांना सांगितलं ते एवढंच, की मोदक खायला या. त्यांना अंधार पडल्यावर गाडी चालवता येत नसे म्हणून मार्गरेट त्यांना घेऊन आली.

आरती झाली, मुलांचे नाच झाले, आणि अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं की आज आपल्यात एक वॉर हीरो आहेत, आणि लिनर्टांना स्टेजवर नेऊन बसवलं. बाबा उठले. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात काही नाही, सगळं तोंडपाठ. आधी मराठीत, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत, आयुष्यभर फायलींवर जी भाषा लिहिली त्या भाषेत त्यांनी लिनर्टांची पदकं एकामागून एक उच्चारली. प्रत्येक पदकाला टाळ्या. मी उठून पुढे जाईपर्यंत नाइट्स क्रॉस झालाही होता. मार्गरेट आधी हसत टाळ्या वाजवत होती, मराठीतलं तिला काही कळत नव्हतं. मग इंग्रजी ऐकून तिचे हात थांबले. आपल्या वडिलांनी युद्धात टेलिफोनच्या तारा टाकल्या, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तिने तसं लिहिलं होतं, हे तिनेच मला एकदा हसत सांगितलं होतं. स्टेजवर लिनर्ट खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन बसले होते. तो नारळ खाली कुठे ठेवायचा हे त्यांना समजत नव्हतं. ते फक्त मार्गरेटकडे बघत होते, आणि ती दाराकडे बघत होती.

पार्किंगमध्ये ती एवढंच म्हणाली, "तुम्ही तारा टाकत होतात ना, डॅड?" तिने त्यांना घरी सोडलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन, "ताई, प्रोग्रॅम एकदम सुपरहिट झाला, तुमच्या बाबांना सांगा." मी फोन ठेवून दिला. बाबा मोदकांचा डबा घेऊन शेजारी गेले तर दार उघडलं नाही. मी बाबांवर इतकी संतापले होते की त्या आठवड्यात नीट बोललेसुद्धा नाही. ते बिचारे परत परत म्हणत होते, "अगं पण मानाचीच गोष्ट सांगितली ना मी?" आणि ते खरंच होतं. त्यांच्या जगात ती मानाचीच गोष्ट होती.

काही दिवसांनी मार्गरेटचा मला फोन आला. तिने इंटरनेटवर वडिलांचं नाव टाकलं होतं. असली पदकं मिळवणाऱ्यांची पूजा करणारे लोक असतात, त्यांचं एक पान तिला सापडलं. "सगळं आहे तिथे, मंजू. कधी लेफ्टनंट झाले, कुठे जखमी झाले, कोणतं पदक कधी. तरुणपणीचा फोटो, गळ्यात तो क्रॉस. मी त्यांची मुलगी, आणि मला त्यांचा हुद्दा अनोळखी माणसांकडून कळतो. खाली एकाने लिहिलंय, अजून जिवंत आहेत, सही मिळते का बघा." तिचा आवाज रडवेला नव्हता. तो नुसता रिकामा होता आणि त्याचीच मला भीती वाटली. ती यायची बंद झाली. फोनही बंद. लिनर्ट रोज खिडकीशी बसायचे आणि एखादी निळी गाडी वळली की उठून उभे राहायचे. निळ्या गाड्या त्या रस्त्यावर पुष्कळ होत्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला ते सांगितलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात, टेबलावर हात पसरून. माघार चालली होती, त्यांची तुकडी सगळ्यांत शेवटी होती. मागून येणाऱ्या शत्रूला छप्पर मिळू नये म्हणून वाटेतलं गाव जाळा, असा वरून हुकूम आला. "तो पुढे मी दिला," ते म्हणाले. माणसांना घराबाहेर काढलं. बायका, पोरं. पुरुष नव्हतेच. बाहेर बर्फ होतं. एका घरात एक म्हातारी चुलीशेजारच्या बाकावर बसली होती, ती उठेना. दोघांनी तिला बाकासकट उचलून बाहेर ठेवलं. ती तशीच बसून राहिली, घराकडे तोंड करून... "जळत्या घरांच्या उजेडात रस्ता स्वच्छ दिसत होता," ते म्हणाले, "म्हणून तो धरून ठेवता आला. पदक मिळालं ते त्याचं. सकाळी मला गरम सूप मिळालं होतं. ते छान होतं, हे मला आठवतं." मी त्यांना धीर दिला नाही. द्यावासाच वाटला नाही. पण उठूनही जाता आलं नाही, कारण समोर बसलेल्या याच माणसाने मला गाडी शिकवली होती.

"हे मार्गरेटला सांगायचं आहे," ते म्हणाले. "त्याशिवाय मरायचं नाही." पुढचे सगळे महिने त्यांचा जीव या एका गोष्टीत अडकला होता. मी मार्गरेटच्या मागे लागले, विनवण्या केल्या, आणि ती एकदा आली. कोट न काढता टेबलाशी बसली. लिनर्टांनी इंग्रजीत सुरुवात केली. खूप थंडी होती, म्हणाले. आम्हाला हुकूम होते, म्हणाले. एवढं ऐकूनच ती उठली. "हुकूम सगळ्यांनाच होते, डॅड." आणि दार लागलं. ते माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाले, "बघितलंत, फ्राउ मंजू? इंग्रजीत माझ्याकडे एवढीच वाक्यं आहेत. त्या भाषेत मी कधी काही वाईट केलेलंच नाही." मुलीला त्यांनी मुद्दामच जर्मन शिकवलं नव्हतं. आपल्या आणि बायकोच्या बोलण्यातलं काही तिच्या कानावर पडलं तरी कळू नये म्हणून. मी मार्गरेटला म्हटलं, ते बोलतील आणि मी इंग्रजीत सांगेन. ती म्हणाली, "माझ्या बापाचं मला तिसऱ्या माणसाकडून नको." तिचंही काय चुकलं?

दोन हजार सहामध्ये सुहासला इकडे नोकरी मिळाली आणि आम्ही सनीव्हेलला आलो. निघताना लिनर्ट गाडीपर्यंत आले. माझ्या बाजूचा आरसा त्यांनी बोटाने थोडा सरळ केला आणि म्हणाले, "ती आली तर मी तुम्हाला फोन करेन." त्यानंतर दर आठवड्याला मीच फोन करायची. ती आलेली नसायची. पुण्याहून बाबाही प्रत्येक फोनमध्ये आधी तेच विचारायचे, "त्यांची मुलगी आली का गं?" नाही म्हटलं की फोन आईकडे द्यायचे. त्यांच्या कपाटातली युद्धाची पुस्तकं त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली, असं आई म्हणाली.

यंदा वसंतात लिनर्टांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि इंग्रजी पुसलं गेलं. मागाहून शिकलेली भाषा कधी कधी अशी जाते, असं डॉक्टरांनी मार्गरेटला सांगितलं. हॉस्पिटलने तिला बोलावलं आणि ती गेली. शेवटी ती गेली... आणि ते तिच्याशी बोलत होते, सारखे, न थांबता, आणि तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तिने मला फोन केला तेव्हा मी गाडीत होते, रेल्वे रुळांजवळच्या सिग्नलपाशी. कशीबशी बाजूला घेतली. "मंजू, ते दिवसभर बोलतायत. प्लीज." तिने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. मी हाक मारली, त्यांनी मला ओळखलं नाही. ते म्हणत होते, "बसा, आजी, बसून राहा. कोणी उचलणार नाही तुम्हाला. बाहेर गार आहे." पुन्हा तेच, पुन्हा तेच. मार्गरेट विचारत होती, काय म्हणतायत, काय म्हणतायत ते?

नुसतं ते वाक्य सांगून तिला काय कळणार होतं? आधी गाव सांगायला हवं होतं. समोरून कॅलट्रेन, म्हणजे इकडची लोकल, गेली, तिचा आवाज ओसरेपर्यंत मी थांबले, आणि मग सांगितलं. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून "मी" म्हणायचं असतं, "ते म्हणतात" असं म्हणायचं नसतं, हे मीच वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. तशीच बोलत गेले. मी हुकूम दिला. मी तिला बाहेर ठेवायला लावलं. मी सूप प्यायलो. माझ्याच तोंडून ते ऐकताना माझे दात वाजत होते, एप्रिलच्या त्या उन्हात. मार्गरेटने मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर ती त्यांना म्हणाली, "डॅड, मी ऐकलं. मी मार्गरेट. मी ऐकलंय सगळं." हे मी जर्मनमध्ये ओरडून सांगितलं, फोनमधून, जितक्या मोठ्याने सांगता येईल तितक्या. ते क्षणभर गप्प झाले. आम्हा दोघींना वाटलं, पोचलं. मग ते तिला म्हणाले, "बसा, आजी."

त्यांनी तिला ओळखलं नाही. पुढच्या थोड्या दिवसांतही नाही. ज्यासाठी त्यांनी जीव धरून ठेवला होता ते घडलं, त्यांच्या उशाशी घडलं, आणि ते त्यांना कळलं नाही. हे मला सहन होत नाही. बाबांना सांगितलं तर ते फोनवर लहान मुलासारखे रडले. कोणी म्हणेल, त्या म्हातारीच्या मानाने हे काहीच नाही. मी तेच स्वतःला म्हणते. ते खरं आहे आणि त्याने माझं दुःख तसूभरही कमी होत नाही.

मार्गरेट सध्या हर्नडनचं घर आवरते आहे. तो क्रॉस गॅरेजमध्ये, जुन्या बिजागऱ्यांच्या डब्यात सापडला. पदकं जमवणाऱ्या हौशी लोकांचे फोन येतात, ती ठेवून देते. क्रॉसचं काय करायचं हे तिला कळत नाही आणि मलाही सांगता येत नाही, म्हणून तो अजून त्या डब्यातच आहे. रविवारी सकाळी ती त्यांच्या स्वयंपाकघरातून मला फोन करते आणि माझ्याकडून जर्मन शिकते. आता कशाला, असं मी तिला विचारलेलं नाही. पहिल्या रविवारी मी रीतीप्रमाणे नमस्कार-चमत्कार, नाव, गाव सुरू केलं. तिने मला थांबवलं. हे सगळं नंतर, म्हणाली, आधी मला एकच वाक्य हवंय. "त्या माणसांचं पुढे काय झालं?" हे डॅडना त्यांच्या भाषेत कसं विचारायचं?

मी वाक्य सांगितलं. तिने म्हणून पाहिलं, ते चुकलं. मी म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा म्हटलं. खूप वेळाने ते अगदी बिनचूक आलं, कुठल्याही जर्मन माणसाला कळेल असं. मग ती थांबली, उत्तराची वाट बघावी तशी. मी फोन कानाला लावून बसून राहिले आणि त्या स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत होता.